पेरणीइतकाच महत्त्वाचा कॉलेजचा पहिला फॉर्म



या पानावर आपण नेहमी बीजप्रक्रिया, खतांच्या मात्रा, बोंडअळी, पीकविमा यांवर बोलतो. आज थोडा वेगळा विषय घेतो आहे. शेतीला सोडून आहे असे वाटेल, पण नाही. जून-जुलैत आपल्या घरात दोन पेरण्या एकदम येतात. एक रानातली आणि दुसरी बारावी झालेल्या पोराची किंवा पोरीची. पहिलीसाठी आपण वाण विचारतो, पिशवीवरचे लेबल वाचतो, उगवणशक्ती तपासतो. दुसरीसाठी काय करतो? पोराच्या हातात पाचशेची नोट देतो आणि म्हणतो, "जा, त्या नेटवाल्याकडून फॉर्म भरून ये."

मी स्वतः कृषी पदविकाधारक. दहावीनंतर दोन वर्षांचा मराठी माध्यमाचा अभ्यासक्रम केला आणि नोकरीला लागलो. आमच्या वेळी विषय निवडण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या दिवशी फळ्यावर वेळापत्रक लागले, ते वहीत उतरवून घेतले, संपले. त्यामुळे आजच्या कॉलेजप्रवेशाबद्दल मलाही फारसे कळत होते असे नाही. २०२५ च्या जूनमध्ये आमच्या सज्जातल्या एका मुलीबरोबर तालुक्याच्या कॉलेजात जावे लागले, तेव्हा डोळे उघडले. त्या दोन दिवसांत जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवतो.

"साहेब, पोरीचा फॉर्म जरा बघता का?"

हे शेतकरी दोन एकर कोरडवाहूचे धनी. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. मुलगी हुशार. मी माती परीक्षणाचे नमुने गोळा करायला जायचो तेव्हा ही शाळकरी पोर खुरपे घेऊन मागे यायची. व्ही आकाराचा खड्डा कसा घ्यायचा, बांधाजवळची आणि झाडाखालची माती का घ्यायची नाही, चार भागांतले समोरासमोरचे दोन भाग का टाकून द्यायचे, सगळे तिला पाठ. "काका, ही माती तिकडं गेल्यावर तिचं काय करतात?" हा तिचा नेहमीचा प्रश्न. मी सांगायचो, "रसायनशास्त्र शिकलीस की तुझं तुलाच कळेल."

बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला. विज्ञान शाखेत चांगले गुण पडले. कृषी पदवीसाठी सीईटी दिली होती, पण शासकीय महाविद्यालयात नंबर लागेल अशी आशा नव्हती आणि खासगीची फी झेपणारी नव्हती. म्हणून तालुक्याला बी.एस्सी. करायचे ठरले. त्या वर्षी मे महिन्यातच पावसाने झोडपले होते. मशागती खोळंबल्या होत्या, वाफसा मिळाला की जो तो रानात पळत होता. आबांना उसंत नव्हती. पोरगी मैत्रिणीबरोबर गेली, नेटकॅफेत फॉर्म भरला, प्रिंट पिशवीत घातली आणि घरी आली.

आठ-दहा दिवसांनी कागदपत्र तपासणीचा निरोप आला. आदल्या संध्याकाळी आबा ती प्रिंट घेऊन माझ्याकडे आले. "साहेब, पोरीचा फॉर्म जरा बघता का? उद्या नक्की करायचाय म्हणं."

मी पाहिला. मेजर विषयापुढे लिहिले होते 'प्राणिशास्त्र'. मी मुलीला विचारले, "तुला तर रसायनशास्त्र पाहिजे होतं ना?" तिचा चेहरा उतरला. मैत्रिणीचा फॉर्म आधी भरला होता. नेटवाल्याने तेच विषय हिच्याही फॉर्मवर ठेवून दिले होते. गर्दी होती, मागे रांग होती. त्याने विचारले, "हेच ना?" आणि हिने मान हलवली.

बंधूंनो, चूक नेमकी कुणाची? नेटवाल्याची, मुलीची, बापाची की माझी? मला वाटते सगळ्यांचीच थोडी थोडी. बियाण्याच्या दुकानात सोयाबीनऐवजी उडदाची पिशवी हातात पडली तर तुम्ही दुकानातच भांडाल. इथे मात्र पिशवी बदलली हे कळायलाच दहा दिवस लागले. आणखी चार दिवस गेले असते तर पेरूनही झाले असते.

नवीन धोरण म्हणजे नक्की काय?

केंद्र सरकारने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर केले. आपल्या राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांना संलग्न असलेल्या कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. तालुक्याची बहुतेक कॉलेजे या दुसऱ्या गटात मोडतात. म्हणजे तुमचा थोरला मुलगा चार-पाच वर्षांमागे बी.ए. झाला असेल, तर त्याचा अनुभव धाकटीच्या कामाला येईलच असे नाही.

पूर्वी वर्षाला ठरलेले विषय असत. आता वर्षाची दोन सत्रे आणि दर सत्राला साधारण २० ते २२ 'क्रेडिट', म्हणजे श्रेयांक मिळवायचे. ते वेगवेगळ्या गटांतल्या विषयांमधून गोळा करायचे. आणि हे गट समजत नाहीत तिथेच मुले गोंधळतात. फॉर्मवर इंग्रजी आद्याक्षरे छापलेली असतात. डीएससी, एईसी, व्हीईसी, आयकेएस असे वाचले की भल्याभल्यांना खतांची नावे वाचल्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आम्ही तिघे गेलो. कारकुनाने मुलीला विचारले, "मेजर काय?" आबा मध्येच म्हणाले, "आमच्यात मिलिटरीत कुणी नाही, साहेब." रांगेतली चार-दोन मुले हसली. आबा ओशाळले. थोड्या वेळाने खिडकीतून आवाज आला, "बावीस क्रेडिट पूर्ण झाले पाहिजेत." आबांनी माझा हात धरून बाजूला घेतले आणि हळूच विचारले, "याला व्याज किती लागतं?"

यात हसण्यासारखे काही नाही. आपल्याला 'क्रेडिट' शब्द माहीत झाला तो किसान क्रेडिट कार्डामुळे. आपल्या लेखी क्रेडिट म्हणजे कर्ज, सोसायटीची नोटीस, मार्चअखेर. त्या बापाच्या पोटात गोळा आला असेल तर नवल ते काय? मी त्यांना सांगितले, "आबा, हे उलटं आहे. हे कर्ज नाही, ही जमा आहे. डेअरीला रोजचं दूध घालता आणि पासबुकात लिटर चढतं, तसं पोरीनं शिकलेलं तिच्या खात्यावर चढतं." तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

विषयांचे गट शेतीच्या भाषेत

त्या दिवशी प्रवेश समितीवर एक प्राध्यापिका बाई होत्या. गर्दी असूनही त्यांनी पंधरा मिनिटे दिली. त्यांनी सांगितलेले मी आपल्या भाषेत मांडतो.

मेजर म्हणजे मुख्य पीक. पदवी ज्या विषयात मिळणार तो हा विषय. पुढे एम.एस्सी. किंवा एम.ए. करायचे, बी.एड. करायचे, नोकरीची जाहिरात बघायची, तर सगळीकडे हाच विषय विचारला जातो.

मायनर म्हणजे आंतरपीक. सोयाबीनमध्ये आपण तूर घेतो तसे. मुख्य विषयाला जोड देणारा दुसरा विषय.

ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे खुला विषय. इथे एक मेख आहे. हा विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कला किंवा वाणिज्यातला घ्यायचा, कलेच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या शाखेतला. फेरपालट समजा. एकाच रानात सारखे तेच पीक नको हा विचार. आमच्या मुलीच्या फॉर्मवर इथेही विज्ञानातलाच विषय पडला होता. तो राहिला असता तर अर्ज परत आला असता.

कौशल्याचे विषय म्हणजे जोडधंदा. हाताने करता येईल असे काही शिकवायचे हा हेतू. यात दोन प्रकार असतात, एक मुख्य विषयाशी निगडित आणि एक सर्वसाधारण.

यांखेरीज भाषा, मूल्यशिक्षण (पर्यावरण, संविधान वगैरे), भारतीय ज्ञान प्रणाली, आणि राष्ट्रीय सेवा योजना, एन.सी.सी., क्रीडा, योग यांपैकी काही असे छोटे गट असतात. ते साधारण दोन-दोन श्रेयांकांचे. दोन श्रेयांक म्हणून सोडून देऊ नका. बांधावरचे गवत म्हणून दुर्लक्ष केले की ते रानात शिरते. पदवी हाती पडायची तर हे श्रेयांकही पूर्ण लागतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोणता गट कोणत्या सत्रात येतो, यात विद्यापीठागणिक फरक आहे. काही ठिकाणी पहिल्याच सत्रात मेजर लिहावा लागतो. काही ठिकाणी पहिले वर्ष तीन विषय सारखे शिकायचे आणि मेजर-मायनर दुसऱ्या वर्षी ठरवायचे. शेजारच्या जिल्ह्यातल्या भाच्याने सांगितले म्हणून तसेच भरू नका. रान बदलले की शिफारस बदलते. आपल्या कॉलेजचे माहितीपत्रक हेच खरे.

आठवड्याचा हिशेब मांडा

श्रेयांकाचा संबंध तासांशी आहे. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात १५ तास शिकवणे. प्रात्यक्षिक असेल तर एका श्रेयांकाला ३० तास. समजा २२ श्रेयांकांपैकी १६ वर्गातले आणि ६ प्रात्यक्षिकाचे आहेत. सत्र १५ आठवड्यांचे धरले तर वर्गाचे आठवड्याला १६ तास आणि प्रात्यक्षिकाचे १२ तास, एकूण २८ तास झाले. सहा दिवसांनी भागा. रोजचे साडेचार-पाच तास कॉलेजातच गेले, वर प्रवास.

हा हिशेब मी का सांगतो? आबांचा बेत असा होता की पोरगी सकाळी कॉलेजला जाईल आणि दुपारी रानात येईल. ते विज्ञान शाखेत जमणारे नव्हते. दुसरी अडचण एसटीची. प्रात्यक्षिकाची दुपारची तुकडी पाच वाजता सुटणार आणि गावाकडची शेवटची गाडी त्याच्या आधी निघणार. हे वेळापत्रक लागल्यावर कळले असते तर पंचाईत होती. बाईंना विचारले, तर म्हणाल्या, "प्रात्यक्षिकाच्या तुकड्या पडायच्या आहेत. अर्जावर गाव आणि गाडीची वेळ लिहून द्या, सकाळच्या तुकडीत बघू." दोन ओळींच्या अर्जाने काम झाले. मागितले नसते तर मिळाले नसते. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही, तो असा.

प्रवासाचा खर्चही आधीच धरा. अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत एसटी पास बारावीपर्यंतच आहे. कॉलेजात गेल्यावर विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. त्याला कॉलेजचा सही-शिक्का लागतो. पहिल्याच आठवड्यात काढून घ्या, नाहीतर महिनाभर रोजचे तिकीट जाते.

कागद आधी, धावपळ नंतर

आता थोडे कागदांबद्दल. हा भाग गावातल्या अधिकारी-कर्मचारी मित्रांनीही वाचावा.

प्रवेशाला दहावी-बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर हे साधारण लागतात. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते. राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर भरले जातात. अवजारांसाठी किंवा ठिबकसाठी अर्ज भरता तेच नाव, फक्त विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा. प्रवेश झाला म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज आपोआप झाला असे नाही. तो स्वतंत्र भरावा लागतो.

शिक्षणासाठी बाहेरगावी राहणाऱ्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. देशाचे कृषिमंत्री राहिलेल्या माणसाच्या नावाची ही योजना अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली, पण आपल्याच गावांत ती ठाऊक नसते. कोणत्या अभ्यासक्रमाला ती लागू आहे हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. अल्पभूधारक असल्याचा दाखला तहसीलमधून घेऊन ठेवा. तसेच ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेशातून जाणाऱ्या आर्थिक मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली गेली. मुलीला व्यावसायिक शिक्षणाला पाठवायचे म्हटले की "एवढा खर्च कुठून आणू" असे म्हणण्याआधी ही चौकशी जरूर करा.

आणखी एक खाते उघडावे लागते. त्याला श्रेयांकांची बँक म्हणतात. डिजिलॉकरमधून बारा अंकी क्रमांक मिळतो आणि मिळवलेले श्रेयांक त्या क्रमांकावर जमा होतात. इथे नावाचा घोळ होतो. आधारवर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरे, बापाचे नाव कुठे आहे कुठे नाही. शेतकरी ओळख क्रमांक काढताना सातबारा आणि आधारवरच्या नावांनी आपल्याला किती फेऱ्या मारायला लावल्या ते आठवा. तोच प्रकार आहे. नाव आणि जन्मतारीख बारावीत असतानाच एकसारखी करून घ्या.

तलाठी आप्पांना (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले, तरी गावाच्या तोंडात जुनेच आहे) आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. बारावीच्या निकालानंतरचा पंधरवडा हा मुलांच्या दाखल्यांचा म्हणून राखून ठेवा. पेरणीच्या, पंचनाम्याच्या कामांची गर्दी मला माहीत आहे, मीही त्याच गर्दीत असतो. पण एका अहवालाला चार दिवस उशीर झाला की मुलीची मुदत जाते आणि मुदत गेली की पुष्कळदा शिक्षणच जाते. मुलगा निदान पुढच्या वर्षी बघू म्हणून थांबतो. मुलीसाठी मात्र त्या वर्षात स्थळ बघायला सुरुवात होते. हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त बोलत कुणी नाही.

दुरुस्ती झाली ती कशी?

प्राणिशास्त्राचे रसायनशास्त्र करायला काय लागले? एक साधा अर्ज आणि वेळेत पोचणे. दुरुस्तीची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. आधी खिडकीवर उत्तर मिळाले, "आता बदल होत नाही." आबा लगेच वळले. "चला साहेब, नशिबात नव्हतं." आपल्या माणसाला खिडकीतून 'नाही' ऐकण्याची इतकी सवय झाली आहे की तो दुसऱ्यांदा विचारत नाही. मी म्हणालो, "आबा, थांबा. विमा कंपनीनं पहिल्यांदा नाही म्हटलं तर आपण सोडतो का?" मग प्रवेश समितीची खोली शोधली आणि तिथे त्या बाई भेटल्या.

त्यांनी मुलीलाच समोर बसवले. माझ्याशी किंवा आबांशी बोलल्या नाहीत. "तू सांग, तुला काय शिकायचंय आणि का?" पोरगी आधी गप्प. मग म्हणाली, "मॅडम, माती तपासायला शिकायचंय. आमच्या रानातल्या मातीचा कागद येतो, पण त्यावरचं कुणालाच नीट कळत नाही." बाईंनी रसायनशास्त्राच्या जागा पाहिल्या, शिल्लक होत्या. मुलीकडून तिच्याच हाताने अर्ज लिहून घेतला, सही केली आणि संगणकावर बदल करायला पाठवले. खुला विषय वाणिज्य शाखेतला बँक व्यवहारांचा घेतला. आबा खूष. "सोसायटीचा हिशेब तरी बघंल," म्हणाले.

बाहेर पडताना नवी प्रिंट मुलीने तिथेच, पायरीवर बसून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, मोबाईल क्रमांक, एकेक विषय. मग आबांच्या हातात दिली. आबांना इंग्रजी येत नाही, तरी त्यांनीही ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

आणि मग सप्टेंबर आला

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जे आभाळ फाटले ते सांगायला नको. आबांच्या दोन एकरांतले सोयाबीन काढणीला आले होते. शेंगा पाण्याखाली गेल्या, जागेवर कोंब फुटले, ओढ्याकडेची माती खरवडून गेली. पंचनाम्याला मीच गेलो होतो. आबा बांधावर उभे राहून म्हणाले, "साहेब, पोरीला परत आणतो. पुढच्या सत्राची फी, पास, काहीच जमायचं नाही."

काय बोलणार? नुकसानीचा आकडा मी स्वतः लिहून घेत होतो. तरी एक गोष्ट सांगितली. "आबा, दोन महिने काढा. परीक्षा होऊ द्या. परीक्षेच्या आधी नाव काढलं तर हाती शून्य. परीक्षा दिली तर कमावलेले श्रेयांक तिच्या खात्यावर राहतील. ते पुरात वाहून जात नाहीत."

हे मी धीर देण्यासाठी बोललो नव्हतो, नियमच तसा आहे. एक वर्ष पूर्ण करून ठरलेले ४० ते ४४ श्रेयांक आणि त्यावर कौशल्य किंवा प्रत्यक्ष कामाचे ४ श्रेयांक मिळवले, तर नाइलाजाने शिक्षण थांबवावे लागले तरी प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स पदवी. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. पूर्वी एफ.वाय.ला सोडले म्हणजे ते वर्ष मातीत जायचे. आता तसे नाही. मात्र याचा अर्थ "एक वर्ष शिकव आणि लग्न लावून दे" असा काढू नका. ही वाट अडचणीत सापडलेल्यासाठी ठेवलेली आहे, पळवाट म्हणून नाही.

मुलीने परीक्षा दिली. बावीसपैकी वीस श्रेयांक मिळाले, इंग्रजीचे दोन राहिले. रसायनशास्त्रात चांगले गुण आले. दुसऱ्या सत्राची फी तिच्या आईने दोन शेळ्या विकून भरली. इंग्रजीची परीक्षा ती पुन्हा देणार म्हणाली. एक विषय राहिला म्हणून पोराला घरी बसवणाऱ्या आई-वडिलांनी हे लक्षात घ्यावे. राहिलेला विषय पुन्हा देता येतो. एका वाफ्यात उगवण कमी झाली म्हणून आपण सगळे रान मोडत नाही. तूट भरून काढतो.

सुट्टीत घरी आली तेव्हा तिने आबांची मृदा आरोग्य पत्रिका पुढ्यात घेतली. सामू म्हणजे काय, सेंद्रिय कर्ब कमी म्हणजे काय, ओढ्याकडेची माती वाहून गेल्यावर तिथे आधी काय करायला हवे, हे बापाला समजावून सांगत होती. मी ओट्यावर चहा पीत ऐकत होतो. ती पत्रिका मीच त्यांना दिली होती आणि तेच सगळे मीही सांगितले होते. आबांनी तेव्हा मान डोलावली होती, यावेळी प्रश्न विचारले.

एवढे करा

शेवटी, लक्षात ठेवायच्या गोष्टी थोडक्यात.

पहिली : फॉर्म कुणीही भरून देवो, 'सबमिट' करण्याआधी तो मुलाने किंवा मुलीने स्वतः मोठ्याने वाचावा. मागे रांग असली तरी वाचावा.

दुसरी : कॉलेजचे माहितीपत्रक आणि वेळापत्रक घरी आणून, मेजर विषय कोणता आणि का, हे रात्री जेवताना बोलून ठरवा. मैत्रिणीने घेतला, मित्राने घेतला हे कारण चालणार नाही.

तिसरी : दुरुस्तीची, फी भरण्याची आणि शिष्यवृत्तीची अशा तिन्ही शेवटच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पीकविम्याची तारीख लिहिता तिथेच.

चौथी : प्रत्येक पावतीची आणि प्रिंटची एक जादा प्रत घरच्या पेटीत ठेवा.

पाचवी : खिडकीवर 'नाही' ऐकले तर प्रवेश समितीकडे जा आणि लेखी अर्ज द्या. शक्यतो मुलालाच बोलू द्या. पुढची तीन-चार वर्षे त्यालाच बोलायचे आहे.

सहावी : बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते. काढणीला, लावणीला पोराला घरी ठेवताना हा हिशेब मनात असू द्या.

गावात दोन-चार पदवीधर असतातच. त्यांनी जूनमधल्या एका संध्याकाळी ग्रामपंचायतीत किंवा देवळाच्या ओट्यावर बसून बारावी झालेल्या मुलांचे फॉर्म तपासून दिले, तर केवढे काम होईल. आमच्या सज्जात खरिपाच्या सभेलाच अर्धा तास यासाठी ठेवायचा असे मी ठरवले आहे. आधी बीजप्रक्रिया, मग फॉर्म. तुमच्याही गावात करून पाहा.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा शेतकऱ्याच्या पोराने शाळेची पायरी चढावी एवढ्यासाठी केवढा आटापिटा करावा लागला होता. आज कॉलेज तालुक्यापर्यंत आले, एसटी गावापर्यंत आली. अशा वेळी एका चुकीच्या रकान्यावरून आपले पोर मागे राहू नये.

येत्या हंगामात बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचाल, तेव्हा पोराचा फॉर्मही वाचून घ्या. अडले तर आपल्या सज्जातल्या कृषी कर्मचाऱ्याला हाक मारा. तो खताचेच सांगायला येतो असे समजू नका.

आपला,
एक कृषी विस्तार कर्मचारी